बाजार खुला झाल्यावर स्पर्धा कायदा कशासाठी लागतो?

बेळगावच्या रविवार पेठेत, निपाणीच्या तंबाखू वखारींत किंवा उद्यमबागेतील फौंड्र्यांत आयुष्य घालवलेल्या जुन्या पिढीला परवान्यांचा काळ चांगला आठवतो. सिमेंटची पोती मिळवण्यासाठी परमिट लागत असे, कारखान्याची क्षमता वाढवायची तर दिल्लीची परवानगी लागत असे, आणि स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत असे. २४ जुलै १९९१ रोजी नवे औद्योगिक धोरण जाहीर झाले आणि मोजके उद्योग सोडले तर परवान्याची अट गेली. त्यामुळे अनेक व्यापाऱ्यांच्या मनात एक प्रश्न उरतो आणि तो रास्तही आहे. सरकारने एकदा बाजारातून अंग काढून घेतले, मग स्पर्धा कायदा आणि स्पर्धा आयोग यांच्या रूपाने ते पुन्हा मागच्या दाराने आत का आले?

बाजार खुला करणे म्हणजे नव्या माणसाने आत येऊ नये अशी सरकारने घातलेली बंदी उठवणे. पण नव्या माणसाला अडवण्यात केवळ सरकारचाच हात असतो असे नाही. जे आधीपासून आत आहेत त्यांनाही तो नकोच असतो, कारण स्पर्धा ही ग्राहकाच्या फायद्याची असली तरी विक्रेत्याला ती महागच पडते. भाव कमी करावा लागतो, माल चांगला द्यावा लागतो, उधारीची मुदत वाढवून द्यावी लागते. त्यापेक्षा चार जणांनी बसून भाव ठरवणे, जिल्हे वाटून घेणे किंवा नव्या येणाऱ्याला माल मिळू न देणे सोपे असते. परवाना गेल्यावर ही खासगी कुंपणे आपोआप जात नाहीत, उलट सरकारी कुंपण निघाल्यामुळे त्यांची गरज आतल्या मंडळींना अधिक भासू लागते.

नव्याने खुल्या झालेल्या अर्थव्यवस्थेत हा धोका जुन्या बाजारव्यवस्थांपेक्षा अधिक असतो. नियंत्रणाच्या काळात उद्योगांना एकत्र बसण्याची सवय सरकारनेच लावलेली असते. सिमेंटचेच पाहा. १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे नियंत्रणमुक्त होईपर्यंत या मालाचा भाव आणि वाटप सरकार ठरवत होते. त्यासाठी उत्पादनाचे आकडे गोळा होत, उद्योगाचे प्रतिनिधी सरकारपुढे एका सुरात बोलत, कोणाचा माल कोणत्या राज्यात जाणार याची सर्वांना माहिती असे. नियंत्रण एका अधिसूचनेने उठते, मात्र त्या बैठकांच्या खुर्च्या, ते दूरध्वनी क्रमांक आणि परस्परांच्या गोटातली खडान्‌खडा माहिती तशीच राहते. काल जे सरकारच्या देखरेखीखाली एकत्र ठरवत होते, तेच आज देखरेखीशिवाय ठरवू शकतात. काल ते धोरण होते आणि आज ते संगनमत आहे, एवढाच काय तो फरक.

भारतात या विषयावर कायदा नव्हता असे नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये, संपत्ती आणि उत्पादनाची साधने थोड्या हातांत एकवटून सर्वांचे अहित होऊ नये, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. १९६४ मध्ये नेमलेल्या मक्तेदारी चौकशी आयोगाने पुढच्या वर्षी अहवाल दिला. त्यातून मक्तेदारी आणि निर्बंधक व्यापारी प्रथा कायदा, म्हणजे एमआरटीपी कायदा, १९६९ मध्ये संमत झाला आणि १९७० पासून लागू झाला. मात्र त्याची नजर वागण्यापेक्षा आकारावर अधिक होती. ज्या उद्योगसमूहाची मालमत्ता २० कोटी रुपयांच्या वर, त्याने विस्तार करायचा तर आधी परवानगी घ्यायची, अशी त्याची रचना होती. १९८५ मध्ये ही मर्यादा १०० कोटींपर्यंत नेण्यात आली. मोठे असणे हाच जणू संशयाचा आधार मानला गेला आणि त्यातून एक उफराटा परिणाम झाला: मोठ्यांना वाढू न देण्याच्या नादात छोट्यांनाही परवान्याशिवाय आत येऊ दिले जात नव्हते, त्यामुळे ज्यांच्याकडे आधीच परवाना होता त्यांची मक्तेदारी सुरक्षित राहिली. दुसरीकडे संगनमत सापडले तरी त्या आयोगाला दंड करण्याचा अधिकार नव्हता. 'असे पुन्हा करू नका' असा आदेश देणे हेच त्याचे मुख्य हत्यार असे. चोरी पकडल्यावर केवळ समज देऊन सोडणाऱ्या पाटलाला गावात कोणी भीत नाही, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

१९९१ मध्ये विस्ताराच्या आणि विलीनीकरणाच्या पूर्वपरवानगीची तरतूदही काढून टाकली गेली. उद्योगाच्या वाढीसाठी ते आवश्यक होते, पण त्या जागी दुसरे काही आले नाही. त्यानंतरच्या दोन वर्षांतल्या दोन घटना सर्वांच्या घरापर्यंत पोहोचलेल्या आहेत. दिवाळीच्या पहाटे ज्याच्याशिवाय अभ्यंगस्नान पुरे होत नाही तो मोती साबण, आणि त्याच्याबरोबर हमाम व ५०१ बार, टाटांच्या टॉम्को कंपनीचे होते. ती कंपनी साबणाच्या बाजारात आधीच अग्रेसर असलेल्या हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली. विलीनीकरणाला आव्हान दिले गेले, पण सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. त्याच सुमारास, १९९३ मध्ये, भारतात परतलेल्या कोका-कोलाने पार्ले कंपनीकडून थम्स अप, लिम्का आणि गोल्ड स्पॉट विकत घेतले. गोल्ड स्पॉट पुढे बाजारातून नाहीसे झाले. हे व्यवहार बेकायदा होते किंवा ते रोखायलाच हवे होते, असे मी म्हणत नाही. पण बाजारातले दोन मोठे प्रतिस्पर्धी एक होत असताना ग्राहकावर काय परिणाम होईल, एवढा प्रश्न विचारण्याचा अधिकार असलेली एकही संस्था त्या वेळी देशात नव्हती.

ती संस्था उभी राहायला फार वेळ गेला. एस. व्ही. एस. राघवन यांच्या अध्यक्षतेखाली १९९९ मध्ये समिती नेमली गेली आणि २००० मध्ये तिचा अहवाल आला. त्यावर आधारित स्पर्धा कायदा २००२ या कायद्याला जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याच वर्षी भारतीय स्पर्धा आयोग स्थापन झाला. पण आयोगाच्या रचनेवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, २००७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली, आणि संगनमत व प्रबळ स्थानाचा गैरवापर यांविषयीची कलमे प्रत्यक्षात लागू व्हायला २० मे २००९ हा दिवस उजाडला. विलीनीकरणाविषयीची कलमे तर १ जून २०११ पासून अमलात आली. म्हणजे बाजार खुला झाल्यापासून जवळजवळ १८ वर्षे आपण पंचाशिवाय खेळलो.

नव्या कायद्याने नजर आकारावरून वागण्यावर आणली. मोठे असणे हा त्यात गुन्हा नाही. या कायद्याचे तीन भाग असले तरी सामान्य व्यापाऱ्याला सर्वांत जवळचा आहे तो पहिला, म्हणजे स्पर्धेला मारक करारांचा. भाव ठरवणे, उत्पादन किंवा पुरवठा मुद्दाम कमी ठेवणे, गिऱ्हाईक अथवा प्रदेश वाटून घेणे आणि निविदा किंवा लिलावात संगनमत करणे, या चार गोष्टी प्रतिस्पर्ध्यांनी मिळून केल्या तर त्यांनी स्पर्धेला बाध येतो असे कायदा गृहीतच धरतो. तसे झाले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मग त्यांच्यावर येते. यासाठी स्टॅम्प पेपरवर करार असण्याची गरज नाही. तोंडी समजूत किंवा ठरवून एका दिशेने केलेली कृतीही कायद्याच्या व्याख्येत करारच ठरते.

निविदांमधल्या 'रिंग'विषयी आपल्या भागात वेगळे सांगायला नको. रस्ता असो, गटार असो की शाळेची खोली असो, तीन निविदा येतात, त्यांतली एक थोडी कमी असते आणि बाकीच्या दोन केवळ तक्ता भरण्यासाठी असतात. आखाड्यात दोन मल्ल घाम गाळताना दिसतात पण निकाल आदल्या रात्रीच ठरलेला असतो, त्या नुरा कुस्तीसारखाच हा प्रकार आहे, आणि येथे तिकिटाचे पैसे करदात्यांच्या खिशातून जातात. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले या प्रकारचे एक महत्त्वाचे प्रकरण शेतीशी संबंधित आहे. भारतीय अन्न महामंडळ गोदामांतील धान्याला कीड लागू नये म्हणून अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या विकत घेते. २००९ च्या निविदेत तीन कंपन्यांनी किलोला नेमका ३८८ रुपये हाच दर भरला. तिघांचे कारखाने वेगळे आणि खर्चही वेगळा असताना दर मात्र रुपयाचाही फरक नसलेला होता. कंपन्यांचा एक बचाव असा होता की, आम्ही निविदा ८ मे रोजी भरल्या, संगनमताचे कलम २० मे रोजी लागू झाले, तेव्हा कायदा आम्हाला लागतच नाही. निविदेची प्रक्रिया आणि तिचा परिणाम २० मेनंतरही चालू होता असे सांगून न्यायालयाने २०१७ मध्ये तो बचाव फेटाळला. दंडाची रक्कम मात्र कंपनीच्या संपूर्ण उलाढालीवर न धरता केवळ त्या मालाच्या उलाढालीवर धरावी, असे त्याच निकालात म्हटले गेले. २०२३ च्या दुरुस्तीने दंडासाठी 'उलाढाल' या शब्दाची व्याप्ती कंपनीच्या जगभरातील एकूण उलाढालीपर्यंत नेली आहे.

यात खरेदीदारांचे संगनमतही येते, ही गोष्ट शेतकऱ्यांना फारशी ठाऊक नसते. संकेश्वरी मिरचीचा किंवा काजूचा लिलाव चालू असताना पाच व्यापाऱ्यांनी आधीच ठरवले की आज अमुकच्या वर बोली न्यायची नाही आणि माल नंतर आपसात वाटून घ्यायचा, तर तो प्रकार निविदेतील रिंगइतकाच कायद्याच्या कक्षेत येतो. फरक इतकाच की रस्त्याच्या निविदेत सरकारचे नुकसान होते आणि कागदावर त्याची नोंद राहते. लिलावात नुकसान होते ते माल परत नेण्याचे भाडेही परवडत नसलेल्या शेतकऱ्याचे, आणि त्याच्या हातात उरते ती फक्त अडत्याने दिलेली पट्टी.

व्यापारी संघटना हा याच विषयाचा एक नाजूक भाग आहे. संघटना असणे, तिने करांविषयी किंवा रस्त्यांविषयी सरकारकडे गाऱ्हाणे मांडणे, सभासदांचे वाद मिटवणे यात काहीच गैर नाही. पण संघटनेने भाव ठरवणारे परिपत्रक काढले किंवा धंद्यात कोणी यायचे हे ठरवायला सुरुवात केली की रेषा ओलांडली जाते. औषधांच्या घाऊक व्यापारात नव्या स्टॉकिस्टला कंपनीचा माल मिळण्यापूर्वी औषध विक्रेत्यांच्या संघटनेचे ना हरकत पत्र आणावे लागे. अशी अट स्पर्धेला मारक आहे, असे आयोगाने अनेक प्रकरणांत ठरवले, आणि त्यांतले २०१६ मधले एक प्रकरण कर्नाटकातील संघटनेविषयी होते. परभाषेतील चित्रपट आणि मालिका कन्नडमध्ये डब करून दाखवू नयेत यासाठी कर्नाटकातील चित्रपट वाणिज्य मंडळाने आणलेल्या अडथळ्यांबद्दलही आयोगाने २०१५ मध्ये दंड केला होता. भाषेविषयी ज्यांना आस्था आहे त्यांना हा निकाल टोचेल, आणि सीमाभागात भाषेविषयी आस्था नसलेला माणूस विरळाच. तरीही, आपल्या भाषेत काय पाहावे हे प्रेक्षकाने ठरवावे, वितरणाची नाडी हाती असलेल्यांनी नव्हे, हा त्यातला तर्क मला पटतो.

आता एक सावधगिरीची गोष्ट. खानापूर रोडवरच्या तीन दुकानांत एकाच दिवशी सिमेंटचा भाव सारखा दिसला म्हणून संगनमत सिद्ध होत नाही. ज्या बाजारात विक्रेते थोडे असतात, माल एकसारखा असतो आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा भाव सहज कळतो, तिथे कोणी कोणाशी न बोलताही भाव एकमेकांच्या मागे धावतात. त्यामुळे सारख्या भावाच्या जोडीला आणखी काही पुरावा लागतो. सिमेंटच्या प्रकरणात आयोगाने नेमके तेच पाहिले. कंपन्यांची क्षमता वाढत असूनही तिचा वापर कमी ठेवला जात होता, उत्पादकांच्या संघटनेच्या व्यासपीठावरून भावाची आणि उत्पादनाची माहिती एकमेकांना मिळत होती, आणि या गोष्टींच्या पाठोपाठ भाव चढत होते, असा निष्कर्ष काढून आयोगाने जून २०१२ मध्ये ११ कंपन्यांना आणि त्यांच्या संघटनेला सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

असे पुरावे बाहेरून मिळणे अवघड असते, म्हणून कायद्याने आतल्या माणसाला फुटण्याची वाट ठेवली आहे. संगनमतातल्या ज्या कंपनीने सर्वांत आधी आयोगाकडे जाऊन खरी आणि महत्त्वाची माहिती दिली, तिचा दंड पूर्णपणे माफ होऊ शकतो. मागून येणाऱ्यांना कमी सवलत मिळते. वरवर हे अन्यायाचे वाटते, पण या तरतुदीमुळे रिंगमधल्या प्रत्येकाच्या मनात शेजाऱ्याविषयी शंका राहते, आणि शंका शिरली की रिंग फार काळ टिकत नाही.

कायद्याचा दुसरा भाग प्रबळ स्थानाच्या गैरवापराचा आहे. एखादी कंपनी इतकी बळकट झाली की प्रतिस्पर्ध्यांची वा ग्राहकांची पर्वा न करता ती आपल्या अटी लादू शकते, तर त्या बळाचा उपयोग तिने कसा करावा यावर बंधने येतात. सरकारी कंपन्याही त्यातून सुटत नाहीत. कोळशाचा दर्जा, वजन आणि पुरवठ्याच्या एकतर्फी अटी यांविषयी ज्या वीज कंपन्यांनी कोल इंडियाविरुद्ध तक्रार केली त्यांत महाराष्ट्राची महानिर्मिती होती. आयोगाने २०१३ मध्ये १,७७३ कोटी रुपयांचा दंड केला आणि पुढे फेरसुनावणीनंतर तो ५९१ कोटींवर आला. राष्ट्रीयीकृत उद्योगाला स्पर्धा कायदा लागू होत नाही, हा कोल इंडियाचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अमान्य केला. उलट बाजूचे उदाहरण मोबाइल सेवेचे आहे. जिओने फुकट सेवा देऊन बाजारात प्रवेश केला तेव्हा जुन्या कंपनीने तक्रार केली, पण नव्याने आलेली कंपनी त्या वेळी प्रबळ स्थानावर नव्हती म्हणून आयोगाने २०१७ मध्ये ती तक्रार फेटाळली. स्वस्त विकणे हा गुन्हा नाही. प्रबळ कंपनीने प्रतिस्पर्ध्याला संपवण्यासाठी खर्चाच्याही खाली विकणे हा गैरवापर आहे. तिसरा भाग मोठ्या विलीनीकरणांना आयोगाची मान्यता घेण्याचा आहे, आणि आपल्या भागातल्या बहुतेक उद्योगांशी त्याचा थेट संबंध येत नाही.

कोणी प्रबळ आहे की नाही हे ठरवण्याआधी बाजार कोणता हे ठरवावे लागते, आणि या ठिकाणी बेळगाव जिल्ह्याचे उदाहरण पुस्तकातल्या कोणत्याही उदाहरणापेक्षा चांगले आहे. साखरेचा बाजार देशभर आहे, त्यामुळे इथला एखादा कारखाना साखर विकताना शेकडो कारखान्यांतला एक असतो. पण उसाचा बाजार तितका मोठा नाही. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर त्याचे वजन आणि साखरेचा उतारा घटतो, आणि वाहतुकीचा खर्च अंतराबरोबर वाढतो. त्यामुळे चिकोडीच्या किंवा रायबागच्या शेतकऱ्यासाठी बाजार म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉली परवडेल एवढ्या अंतरातले दोन-चार कारखाने. विक्रीच्या बाजारात क्षुल्लक असलेला कारखाना खरेदीच्या बाजारात राजा असू शकतो. त्यातच ऊस नियंत्रण आदेशानुसार दोन कारखान्यांत किमान १५ किलोमीटरचे अंतर ठेवावे लागते, महाराष्ट्रात तर ते २५ किलोमीटर आहे, आणि विशिष्ट कारखान्यासाठी ऊस क्षेत्र राखून ठेवण्याचा अधिकारही सरकारला आहे. पलीकडे महाराष्ट्रात झोनबंदी, म्हणजे ठरवून दिलेल्या कारखान्यालाच ऊस घालण्याची सक्ती, उठवण्यासाठी शेतकरी संघटनेला आंदोलन करावे लागले होते. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ऊस परराज्यात नेण्यास बंदी घातली आणि विरोध झाल्यावर ती लगेच मागे घेतली. अशी बंदी टिकली असती तर सीमेवरच्या शेतकऱ्याच्या हातातला दुसरा गिऱ्हाईक सरकारी आदेशाने गेला असता.

उसाला एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला किमान भाव, आहे, त्यामुळे शेतकरी अगदीच निराधार नाही, आणि कारखान्याला पुरेसा ऊस मिळाला नाही तर तो बंद पडून सर्वांचेच नुकसान होईल हा अंतराच्या अटीमागचा विचारही खोटा नाही. पण कारखान्यांनी आपसात ठरवून स्पर्धा टाळली तर आयोग चौकशी करू शकतो, आणि हीच गोष्ट सरकारने आदेशाने घडवली तर तो फारसे काही करू शकत नाही. मला स्पर्धा कायद्याची सर्वांत मोठी मर्यादा याच ठिकाणी दिसते. विकसनशील देशात स्पर्धेची निम्मी कुंपणे सरकारनेच, बहुधा चांगल्या हेतूने, घातलेली असतात. आयोग त्याविषयी सल्ला देऊ शकतो, कुंपण काढू शकत नाही. बेळगावात बाजार समितीच्या भाजी मार्केटशिवाय खासगी भाजी मार्केट उभे राहिले तेव्हा जो वाद पेटला तो याच जातीचा होता. कोणाची बाजू खरी यात न शिरताही एवढे म्हणता येईल की, चंदगडहून टेम्पो भरून आलेल्या शेतकऱ्याला दोन ठिकाणी भाव विचारता येतो की एकाच ठिकाणी, हा प्रश्न त्या वादात फार थोड्यांनी विचारला.

खरेदीदाराच्या बळाचा हा प्रश्न सीमाभागाला नवा नाही. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी महामार्गावर ठाण मांडले आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले, त्यामागे मोजक्या व्यापाऱ्यांच्या हाती असलेली खरेदी हेच दुखणे होते. त्या वेळी एमआरटीपी कायदा होता, पण तो मोठ्या उद्योगसमूहांच्या मालमत्तेकडे पाहत होता. वखारीच्या ओट्यावर तंबाखूचा भाव कसा ठरतो हा त्याचा विषयच नव्हता. उद्यमबाग आणि मच्छे येथील फौंड्रीमालकांचेही दुखणे काहीसे असेच आहे. पिग आयर्न (कच्चे लोखंड) आणि कोक पुरवणारे मोजके, कास्टिंग (ओतीव भाग) घेणारे वाहन उद्योगातले मोठे आणि मोजके, आणि मध्ये असंख्य छोटे कारखानदार. कच्च्या मालाचा भाव वाढला तरी मोठा गिऱ्हाईक दर वाढवून देईलच असे नाही. केवळ सौदाशक्ती कमी असणे हा स्पर्धा कायद्याचा विषय होत नाही, पण पुरवठादारांनी मिळून भाव चढवले किंवा खरेदीदारांनी मिळून दर पाडले तर होतो.

आता स्पर्धा कायद्याच्या विरोधात केल्या जाणाऱ्या एका युक्तिवादाकडे पाहिले पाहिजे, कारण तो हुशार आहे. काही जण म्हणतात, आयातीचे दरवाजे उघडले की परदेशी माल येईल, देशी मंडळींचे संगनमत आपोआप मोडेल, मग वेगळ्या आयोगाचा खर्च कशाला? ज्या वस्तू जहाजातून सहज येतात त्यांच्याबाबतीत यात तथ्य आहे. पण सिमेंट वजनाला जड आणि किमतीला हलके असते, समुद्रापासून आत आणताना भाड्यातच फायदा जातो. भाजी, वीट, वाळू, मालवाहतूक, शाळेच्या इमारतीचा ठेका, रुग्णालयाची खाट, यांतले काहीच आयात होत नाही. गरीब माणसाच्या खर्चात अशाच वस्तूंचा वाटा मोठा असतो. दक्षिण आफ्रिकेत २००६ च्या अखेरीस पावाच्या छोट्या वितरकांनी तक्रार केली की सर्व मोठ्या बेकऱ्यांनी एकाच वेळी भाव वाढवले आणि वितरकांची सूटही एकाच वेळी कमी केली. चौकशीत भाव आणि प्रदेश वाटून घेतल्याचे उघड झाले, एका कंपनीने कबुली देऊन सवलत मिळवली, आणि एका कंपनीला २०१० मध्ये सुमारे १९.५ कोटी रँडचा दंड झाला. पावासारखी वस्तू परदेशातून मागवून हे संगनमत मोडता आले नसते.

शिवाय परदेशी विक्रेतेही साधुसंत नसतात. १९९० च्या दशकात अमेरिकी सोडा अॅश उत्पादकांच्या संयुक्त निर्यात संघाविषयी भारतात तक्रार झाली, पण परदेशात झालेल्या करारावर एमआरटीपी आयोगाचा हात पोहोचत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवले. नव्या कायद्याने ही उणीव भरून काढली आहे: करार कुठेही झाला असला तरी त्याचा परिणाम भारतातील बाजारावर होत असेल तर आयोग चौकशी करू शकतो. आणि सरकारी मक्तेदारी विकून टाकली म्हणजे स्पर्धा आली, असेही नाही. मेक्सिकोने १९९० मध्ये आपली दूरध्वनी कंपनी टेलमेक्स खासगी हातात दिली तेव्हा तिच्याबरोबर अनेक वर्षांचे लांब पल्ल्याच्या सेवेचे एकाधिकारही दिले, आणि स्पर्धा कायदा त्यानंतर आला. मालक बदलला, ग्राहकापुढची निवड बदलली नाही.

कायद्याची उपयुक्तता मान्य करूनही त्याच्या अंमलबजावणीविषयी समाधान मानावे अशी स्थिती नाही. सिमेंटचा २०१२ चा आदेश अपिलीय न्यायाधिकरणाने प्रक्रियेतील दोषामुळे रद्द केला, आयोगाने २०१६ मध्ये पुन्हा सुनावणी घेऊन सुमारे ६,७०० कोटींचा दंड केला, २०१८ मध्ये अपिलात तो कायम झाला आणि तिथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्यांनी त्या काळात घर बांधले त्यांच्या घराला दोनदा रंग देऊन झाला असेल. दंड झाला तरी तो सरकारी तिजोरीत जातो. नुकसान झालेल्याला भरपाईसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तोही अपिलांचा निकाल लागल्यावर. आयोग दिल्लीत, कामकाज इंग्रजीत, वकिलांची फी मोठी, अशा स्थितीत शहापूरचा यंत्रमागधारक किंवा हुक्केरीचा शेतकरी स्वतः होऊन तिथे जाईल अशी अपेक्षा धरणे कठीण आहे. छोट्या शहरांतली रिंग या कायद्याच्या भीतीने फारशी थरथरत नाही याचे कारण कायद्याच्या शब्दांत नसून या अंतरात आहे.

तरीही ज्याला जायचे आहे त्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एका दुकानदाराने जास्त पैसे घेतले किंवा वस्तू सदोष निघाली तर ते प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगाचे आहे, स्पर्धा आयोगाचे नव्हे. वीज किंवा दूरसंचार यांसारख्या क्षेत्रांत आधी त्या क्षेत्राच्या नियामकाकडे जावे लागू शकते. स्पर्धा आयोगाकडे कोणतीही व्यक्ती, ग्राहक संस्था किंवा व्यापारी संघटना माहिती देऊ शकते, स्वतःचे नुकसान झालेच पाहिजे अशी अट नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, घटना घडल्यापासून तीन वर्षांच्या आत माहिती द्यावी लागते, उशिराचे सबळ कारण दाखवले तर आयोग सूट देऊ शकतो. प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर आयोग आपल्या महासंचालकांना चौकशीचा आदेश देतो, आणि छापा घालण्यापर्यंतचे अधिकार त्यांना असतात. म्हणून भावाविषयी संघटनेने काढलेले परिपत्रक, बैठकीची नोटीस, व्हॉट्सअॅप गटात फिरलेला दराचा संदेश, निविदा उघडल्यानंतरचा तुलनात्मक तक्ता, लागोपाठच्या लिलावांच्या पट्ट्या हे सर्व तारखेसह जपून ठेवावे. गावातल्या धंद्यात सर्वांना सर्व ओळखतात आणि तक्रार करणाऱ्याचा माल दुसऱ्याच दिवशी अडू शकतो, म्हणून आपली ओळख गुप्त ठेवण्याची लेखी विनंती माहिती देताना करता येते. मात्र चौकशीसाठी आवश्यक वाटल्यास आयोग ती ओळख पुढे उघड करू शकतो, हे वकिलाकडून आधीच नीट समजून घेतलेले बरे.